नकाशा अन् चार्टची सीएसएस सगळं पान अडवून ठेवते, काय करू?

संत्रेवाला, वरुड:
भाऊ लोकहो, आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं पान बनवून रायलो. वर आजच्या भावाचा तक्ता, खाली खरेदी केंद्रांचा लीफलेट (नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) नकाशा अन् महिन्याच्या भावाचा चार्ट. हेडमध्ये (पानाच्या कोडच्या वरच्या, न दिसणाऱ्या भागात) तीन स्टाइलशीट, म्हणजे सजावटीच्या सीएसएस फाइली, हायेत: तक्ता, नकाशा अन् चार्टची एकेक. बांधावर रेंजची एखादीच काडी असते, तिथं उघडलं का नुसतं पांढरं पान. स्क्रिप्टले डिफर (पान वाचून झाल्यावरच चालवायची खूण) लावलं, तरी तसंच. स्क्रिप्ट बंद असली तर नकाशा दिसतच नाई, मंग त्याची सीएसएस आधी कायले उतरते?

वऱ्हाडी_कोडर:
डिफरनं स्क्रिप्टची वाट पाहणं थांबते, स्टाइलशीटची नाई. हेडमधल्या शीट उतरल्याबिगर ब्राउझर कायीच रंगवत नाई. तक्त्याची सीएसएस थोडकीच असन, ते पानातच स्टाइल टॅगमध्ये टाक. नव्या कनेक्शनवर पहिल्या फेरीत सर्व्हर साधारण 14 केबी पाठवते, दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) एचटीएमएल तेवढ्यात बसवून पाय.

बाकी दोन शीट हेडमधून काढ. नकाशाचा डबा स्क्रीनजवळ आला का इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरनं (एखादा भाग स्क्रीनजवळ आला का ते सांगणारी ब्राउझरची सोय) ओळखून स्क्रिप्टमधूनच शीट बोलावणारा लिंक टॅग जोड. पण अशी जोडलेली शीट कोणाले थांबवत नाई. ते येण्याआधी नकाशा काढला तर टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) पानभर पांगतात, म्हणून लिंकचा ऑनलोड (शीट उतरल्याचा इशारा) आल्यावरच काढ. डब्याची उंची तक्त्याच्या सीएसएसमध्येच देऊन ठेव, नाई तर वाचता वाचता पान खाली सरकते. लय राग येते राजा मले त्याचा.

पऱ्हाटी_अकोट:
एवढी उठाठेव कशाला? लिंकला मीडिया प्रिंट (फक्त छपाईसाठी) द्या, ऑनलोडमध्ये ऑल (सगळ्यासाठी) करा, खाली नोस्क्रिप्टमध्ये (स्क्रिप्ट बंद असली तरच चालणारा टॅग) साधी लिंक. झालं.

वऱ्हाडी_कोडर:
चालते, पण प्रिंटवाली शीट उतरतेच, फक्त मागच्या नंबरनं. भाव पाहून मोबाइल खिशात टाकणाऱ्याचाही डेटा जाते. अन् नोस्क्रिप्ट इथं कायले? स्क्रिप्टच नसली तर सजवाले नकाशा कुठं हाय? त्या जागी केंद्रांची साधी यादी ठेवा, थे कामाची.

संत्रेवाला, वरुड:
तक्ता आता लवकर दिसून रायला. चार्ट मात्र उशिरा येते. त्याच्या शीटमध्ये फॉन्टसाठी इम्पोर्ट (दुसरी शीट बोलावणारी ओळ) हाय.

वऱ्हाडी_कोडर:
काढ तो. पहिली शीट उतरून वाचल्याबिगर दुसरीचा पत्ताच ब्राउझरले लागत नाई, म्हणजे एकामागं एक दोन फेऱ्या. मोबाइलमधला देवनागरी फॉन्ट काय वाईट हाय?