मदत हवी आहे : इंदुरात ऑफिस-दवाखान्यांच्या सफाईची कंपनी काढतोय, बँकेसाठी बिझनेस प्लॅन कसा लिहू?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा, सुदामा नगरात राहतो. बरीच वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे, आता मी आणि वहिनी मिळून स्वतःची कंपनी काढतोय. घरं नाही घेणार, फक्त ऑफिसं, दवाखाने, कोचिंग क्लास, शोरूम. कामाचं मला कळतं. लाल मॉप बाथरूमचा तो दुसरीकडे फिरवायचा नाही, संगमरवराला ॲसिड लावायचं नाही, ॲसिड आणि ब्लीच एका बादलीत कधीच नाही कारण क्लोरीन गॅस निघतो, हे सगळं मी नव्या पोरापोरींना शिकवत आलोय. आणि इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाला नुसती फरशी चकाचक करून चालत नाही, कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-वेस्ट, घातक असं सहा प्रकारचं वेगळं करून द्यावं लागतं आणि ते आमच्याच माणसांनी करायचं असतं.

अडलंय बँकेत. सरकारच्या मुद्रा लोन योजनेत तरुण गटात (५ ते १० लाख) अर्ज करायचाय, मॅनेजर साहेब म्हणाले प्रोजेक्ट रिपोर्ट आणा. नेटवरच्या नमुन्यांत व्हिजन-मिशनची पानंच्या पानं आहेत पण मला लागतं ते कुठेच नाही. रेट स्क्वेअर फुटावर काढू की माणसामागे? ऑटो स्क्रबर मशीन (फरशी घासून पाणी ओढून घेणारं) लोनमध्ये दाखवू की भाड्याने आणू? आणि पार्टी पैसे उशिरा देते तो मधला काळ कागदावर कसा दाखवतात? सुरुवातीला १२ पोस्टचं (म्हणजे रोज १२ माणसं ड्युटीवर) काम मिळेल असं दिसतंय. कोणी हा धंदा केला असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, प्लॅन त्याच्यावरच उभा करा. मी विजय नगरला सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगचे हिशोब बघते, या लाइनमध्ये काम असूनही लोकांचा धंदा बसतो तो इथेच.

आधी माणसं मोजा. १२ पोस्ट सातही दिवस हव्या असतील तर आठवडी सुट्टीचे रिलीव्हर (बदली माणसं) धरून १४ माणसं लागतात. समजा पगार १३,००० (सरकारी किमान वेतन बघून घ्या, आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबरला महागाई भत्ता बदलतो, म्हणून कोटेशनमध्ये "वेतन वाढलं तर रेट वाढेल" हे लिहायचंच). १४ जणांचे झाले १,८२,०००. १० माणसांपासून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागतं, मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के. पीएफ २० पासून सक्तीचा आहे पण मोठी ऑफिसं तरीही चलान मागतात, तो चार्जेस धरून १३ टक्के. मिळून २,११,५७५ आणि यात केमिकल, युनिफॉर्म काहीच नाही.

आता तारखा बघा. जानेवारीचं काम, पगार ७ फेब्रुवारीच्या आत द्यायचाच. बिल १ फेब्रुवारीचं, पार्टी म्हणते ४५ दिवस आणि पैसे येतात ६० दिवसांनी, म्हणजे एप्रिल उजाडला. तोवर ७ मार्चचा पगारही गेला. सव्वाचार लाख तुमच्या खिशातून! वर २० मार्चला त्या बिलाचा १८ टक्के जीएसटी भरायचा, पैसे आले असोत की नसोत. आपला बहुतेक खर्च पगाराचा, त्याच्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) काही मिळत नाही त्यामुळे जवळजवळ पूर्ण रक्कम भरावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाणारच, तेव्हा जीएसटी नंबर घ्यावाच लागेल. हा महिनावार तक्ता रिपोर्टमध्ये पहिल्या पानांवर लावा, मॅनेजर तोच शोधतो.

म्हणून लोन मुख्यतः वर्किंग कॅपिटलसाठी, म्हणजे पगारासारखा रोजचा खर्च चालवायला मागा. ऑटो स्क्रबर भाड्याने. सिंगल डिस्क (फरशी घासायचं साधं मशीन) आणि वेट-ड्राय व्हॅक्युम एवढं घेतलं तरी सुरुवातीला भागतं. उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, आजच करा: एमएसएमई कायद्यात करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे अडवता येत नाहीत, आणि अडवले व वर्ष संपेपर्यंत दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा.

प्रतिसाद २

रेट माणसामागेच द्या, स्क्वेअर फूट फक्त स्वतःच्या अंदाजासाठी. साइट बघितल्याशिवाय कोटेशन नको, टॉयलेट किती आणि पाणी कुठल्या मजल्यावर येतं त्यावर माणसं ठरतात. आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की सेप्टिक टँक, गटार साफ करायला माणूस उतरवणार नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी लोक "तेवढं जरा बघून घ्या" म्हणतात. नाहीच म्हणायचं, कितीही जुनी पार्टी असो.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, दादा, खूप आभार. ते रिलीव्हरचं मी हॉस्पिटलात रोज करतो पण बँकेच्या कागदात माणसं १२ च धरली होती, आज रात्री वहिनीसोबत बसून पूर्ण तक्ता १४ वर परत मांडतो. ताई, एकच विचारायचंय: ज्या ऑफिसशी बोलणं चालू आहे ते अजून वर्क ऑर्डर देत नाहीत, फक्त मेलवर "काम तुम्हालाच देऊ" लिहून द्यायला तयार आहेत, तो मेल रिपोर्टला जोडला तर बँकेत चालेल का?