वर्गात सगळे ज्याला चिडवतात त्याच्याशी मुलाने मैत्री केली, आता मुलालाच त्रास सुरू झालाय

उन्हाळी_पाऊस:
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवा प्लीज.

मुलगा पाचवीत आहे. यंदा वर्गात एक नवीन मुलगा आलाय, बोलताना अडखळतो. एरवी फारसं जाणवत नाही म्हणे, पण उभं राहून धडा वाचायची पाळी आली की पहिल्याच शब्दावर अडतो आणि मग टीचर फळ्याकडे वळल्या रे वळल्या की मागच्या बाकावरची पोरं बोटांनी बाक वाजवत तेच अक्षर हळू आवाजात म्हणत बसतात, प-प-प-प. मधल्या सुट्टीत तर त्याचं नावच पप्पप करून टाकलंय.

आमच्या चिरंजीवांनी मधेच कधीतरी आपली जागा बदलून घेतली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले. घरी एक अक्षर बोलला नाही. आमचा प्रवासात न्यायचा छोटा चेसबोर्ड सापडेना म्हणून विचारलं तेव्हा कळलं की तो दप्तरात असतो आणि मधल्या सुट्टीत दोघं खेळतात. मी म्हटलं, बरं केलंस रे त्याला सोबत दिलीस, तर माझ्यावरच चिडला, सोबत काय, तो भारी खेळतो, मला अजून एकदा पण जिंकता आलेलं नाहीये.

इथपर्यंत छानच. पण आता त्या टोळक्याने यालाही धरलंय. ग्राउंडवर टीममध्ये घेत नाहीत, दोघांना मिळून एक घाणेरडं नाव ठेवलंय, आणि सगळ्यात जास्त लागलंय ते म्हणजे याचा जिगरी दोस्त वर्गात याच्याशी बोलत नाही, संध्याकाळी खाली खेळायला मात्र येतो जसं काही झालंच नाही. गेले काही दिवस सकाळी पोटात दुखतं म्हणतो. नवरा म्हणतो, त्याला सांग जरा लांब राहा, सगळ्या जगाचा ठेका आपणच घेतलाय का. मला ते तोंडातून काढवत नाही, पण पोराचा चेहरा पण बघवत नाही. शाळेत जाऊ का? गेले तर याला चुगलीखोर म्हणणार नाहीत का?

निवांत_नाना:
पोराला आमच्याकडून शाबासकी द्या. आणि सांगा एकदा दोन ठेवून दे, सगळे सरळ होतील. आमच्या वेळी असंच मिटायचं.

खडू_डस्टर:
नाना, राग मानू नका पण असं मिटत नसतं हो. दोन ठेवून दिल्या तर ऑफिसमध्ये उभा राहतो तो ठेवणारा, आणि टोळकं बाहेर निरागस चेहरा करून उभं. शिक्षिका आहे, दरवर्षी बघते.

ताई, तुमच्या मुलाने जे केलंय ते नेमकं जिथे करायला पाहिजे तिथे केलंय. चिडवणाऱ्याला जोर त्या चिडणाऱ्यातून मिळत नाही, बघणाऱ्यांतून मिळतो. फिनलंडमध्ये क्रिस्टिना साल्मिवाली म्हणून संशोधक आहेत, त्यांनी १९९६ मध्ये सहावीच्या ५७३ मुलांचा अभ्यास करून दाखवलं की बुलिंग ही दोघांची गोष्ट नसतेच, त्यात चिडवणाऱ्याचे मदतनीस असतात, हसून त्याला साथ देणारे असतात, बाजूला उभे राहणारे असतात आणि थोडे ज्याला चिडवतात त्याची बाजू घेणारे असतात. तुमच्याकडे बाक वाजवणारे कोण, हसणारे कोण, आणि तो जिगरी दोस्त कुठल्या खणात बसतो ते तुम्हीच बघा.

कॅनडात शाळांच्या मैदानावर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास आहे, २००१ चा. दहापैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुलं हजर होती, पण मधे पडली ती फक्त १९ टक्के वेळा. आणि जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर कोणाला खरं वाटेना.

पण (हे महत्त्वाचं) हे काम एकट्या पोरावर टाकून मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या नसतात. फिनलंडच्याच किवा नावाच्या कार्यक्रमात शिक्षक वर्गातली दोन ते चार मुलं निवडतात, ज्यांचं वर्गात वजन आहे आणि स्वभाव बरा आहे अशी, आणि त्यांना सांगतात की याला जरा आपल्यात घ्या. दोन ते चार, एक नाही. एकट्याला टोळकं सहज वेगळं पाडतं, तीनचारांना कसं पाडणार. तुमचा मुलगा सध्या चौघांचं काम एकटा करतोय म्हणून पोट दुखतंय. तेव्हा शाळेत जाच, आणि जाऊन हेच मागा.

काथ्याकूट:
मी थोडा उलटा सूर लावतो, शिव्या घाला. तुमच्या मिस्टरांचं अगदीच चुकतंय असं मला वाटत नाही. आपण पोरांना हीरो व्हायला सांगतो आणि बिल त्यांच्या नावावर फाडतो. ते गुलाबी शर्टवाल्या मुलांचं उदाहरण सगळीकडे फिरत असतं ना, कॅनडातलं, २००७ चं, नववीतल्या एका मुलाला गुलाबी शर्ट घातला म्हणून छळलं तर दोन मुलांनी ५० गुलाबी शर्ट आणून वाटले आणि अख्खी शाळा गुलाबी. भारीच गोष्ट आहे, पण ती दोघं बारावीतली होती. नववीच्या पोरासाठी बारावीचे उभे राहिले तर कोणाची टाप आहे त्यांना काही बोलायची? पाचवीतल्या मुलाने पाचवीतल्याच टोळक्यासमोर उभं राहणं हे वेगळंच प्रकरण आहे, रोज त्याच वर्गात बसायचं असतं त्याला. लांब राहा असं मी पण सांगणार नाही, पण तू भांडायला जाऊ नकोस, उत्तर देऊ नकोस, फक्त खेळत राहा, एवढं नक्की सांगेन.

खडू_डस्टर:
काथ्याकूट, यात उलटं काहीच नाही, शंभर टक्के सहमत. समोर जाऊन भिडणं हा एक प्रकार झाला, नंतर येऊन शेजारी बसणं हा दुसरा, आणि मोठ्यांना सांगणं हा तिसरा. तिन्ही चालतात, पहिला सगळ्यात धोक्याचा. मुलाने स्वतःच दुसरा निवडलाय, आपल्यापेक्षा शहाणा निघाला.

अडखळराव:
आयडी बघून कळलंच असेल. मी चाळिशीचा आहे, अजूनही फोनवर स्वतःचं नाव सांगताना अडतो. त्या दुसऱ्या मुलाच्या बाजूने थोडं लिहितो कारण धाग्यात तो जरा मागेच पडलाय.

वर्गात वाचायची पाळी येते ना, ती पाळी यायच्या आधीचा वेळ सगळ्यात वाईट असतो. ओळीने मुलं वाचत येतात, आपण मोजत बसतो की आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार, त्यातला पहिला शब्द कुठल्या अक्षराचा. तो धडा कशावर होता ते मला कधीच कळलं नाही.

तुमच्या मुलाला दोनच गोष्टी सांगा. तो अडला तर शब्द पूर्ण करून द्यायचा नाही आणि हळू बोल, श्वास घे असं म्हणायचं नाही. नुसतं बघत थांबायचं, चेसमध्ये समोरच्याच्या चालीची थांबतो तसंच. बहुतेक तो हे आपोआप करतच असेल, म्हणून तर जमलंय त्यांचं.

आणि टीचरना एक सांगा, हे फार कमी लोकांना माहिती असतं: अडखळणारी बहुतेक माणसं दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचलं की अडखळत नाहीत किंवा खूपच कमी अडखळतात. गाताना पण तसंच. तर वाचन जोडीने ठेवा, सगळ्या वर्गाचंच, फक्त त्याचं नको, नाहीतर परत त्याच्यावरच फोकस. दोघादोघांनी मिळून एक परिच्छेद. बाक वाजवायला अक्षरच मिळणार नाही. अर्थात आधी त्या मुलाला विचारा चालेल का, कुणी विचारतच नाही आम्हाला.

बाकी साधारण ५ टक्के मुलं लहानपणी कधी ना कधी अडखळतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढे जातं, माझं राहिलं. भित्रेपणामुळे होतं, घरात धाक असेल, हे सगळं थोतांड आहे. स्पीच थेरपिस्टकडे जातो का ते त्याचे आईवडील बघतील, तुम्ही त्यात पडू नका.

निवांत_नाना:
अडखळराव, हे एका सुरात वाचायचं खरंच नवीन कळलं. माझे आधीचे शब्द मागे.

उन्हाळी_पाऊस:
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्यालाही धागा वाचायला दिला, काथ्याकूट यांची पोस्ट वाचून म्हणाला बघ मी हेच म्हणत होतो (नव्हता म्हणत, असो).

क्लास टीचरना भेटून आले. माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण त्या म्हणाल्या उद्या सगळ्यांना समोरासमोर बसवते आणि सॉरी म्हणायला लावून मिटवून टाकते. मला ते बरोबर वाटलं नाही पण का ते सांगता येईना. जोडीने वाचनाचं मात्र लगेच पटलं त्यांना, बघू म्हणाल्या. आणि त्या जिगरी दोस्ताचं काय करू? त्याच्या आईशी बोलू का?

खडू_डस्टर:
समोरासमोर नको, कृपा करून उद्या सकाळीच मेसेज करा. दोघांचं भांडण झालं असेल तर समोरासमोर बसवतात. इथे एका बाजूला टोळकं आहे आणि दुसरीकडे एक मुलगा ज्याला बोलायलाच वेळ लागतो, त्याला टोळक्यासमोर तक्रार सांगायला लावणार? टीचरसमोर सॉरी म्हणतील आणि बाहेर येऊन दुप्पट वसूल करतील. एकेकाला वेगळं बोलवून बोला म्हणावं, ओरडा न करता, आणि आठवड्याने परत बोलवा, कारण दुसऱ्यांदा बोलावणं येणार हे माहीत असलं की फरक पडतो.

चुगलीचं म्हणाल तर मुलाचं नाव कुठेच येऊ देऊ नका. मागचे बाक वाजतात हे टीचरना स्वतःच दिसायला हवं, फळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की पुरे.

दोस्ताच्या आईशी नका बोलू. तो वाईट नाहीये, घाबरलाय, पुढचा नंबर आपला लागेल म्हणून. संध्याकाळी खाली येतोच आहे ना, तर चेसबोर्ड एखाद दिवस खाली जाऊ दे, आणि जमलं तर तो नवीन मुलगाही. तीन झाले की वर्गात हिशोब बदलतो.

अडखळराव:
+१. पोटाचं मात्र हलक्यात घेऊ नका, रविवारीही दुखतं का बघा. रविवारी दुखत नसेल तर कारण कुठे आहे ते कळलंच.

उन्हाळी_पाऊस:
रविवारी अजिबात दुखत नाही. टीचरना आत्ताच मेसेज केलाय, निळी टिक आलीये, उत्तर आलं की इथे टाकते.