अंतरापेक्षा रूळ बघा

आरव्ही पार्क, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी मुक्कामाला लावायची जागा, जंगलाला जितका खेटून तितका चांगला असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टने गावाला वेढाच घातलाय; कुठेही उतरलात तरी थोड्या वेळात पाइनच्या झाडांत शिरता. तिथे बघायचं ते रेल्वेचं. मालगाड्यांचा मुख्य मार्ग गावाच्या मधून जातो आणि आय-४० हायवेही जवळपास त्याच दिशेने. आम्ही फोटोतली झाडं बघून बुकिंग केलं. रात्री तीनला सासूबाई उठून विचारतायत, "कुठलं स्टेशन आलं रे?" तेव्हापासून सॅटेलाइट नकाशात रूळ किती लांब आहे ते मोजल्याशिवाय मी पैसे भरत नाही.

आणि ॲरिझोना म्हणजे उकाडा, हे डोक्यातून काढा. गाव जवळपास ७,००० फुटांवर आहे. मेच्या सुरुवातीला नळापासून गाडीपर्यंतचा आमचा पाण्याचा पाइप सकाळी गोठून काठीसारखा कडक झाला होता, चहाला पाणी नाही! आता झोपण्याआधी गाडीतली टाकी भरून पाइप काढून ठेवतो. अशा थंडीत हीटर लावणार असाल तर जागेवरचं वीज कनेक्शन ३० अँपचं की ५०चं हे आधी विचारा. ३० अँप म्हणजे १२० व्होल्टवर जेमतेम ३,६०० वॉट, हीटर आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी किटली लावली की ब्रेकर पडलाच. शेकोटीची हौस असेल तर मे-जूनमध्ये वणव्यांमुळे बंदी आहे का तेही बघून घ्या.