मदत हवी आहे : जत्रेतल्या गर्दीचं सिम्युलेशन, माणसं भिंतीतून उडतायत

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव वेंगुर्ले तालुक्यात. प्रोजेक्टला आमच्या देवळाचा सभामंडप घेतलाय. मागच्या जत्रेत ऐन दशावतार रंगात आला असताना जनरेटरमधून धूर आला, लाइट गेले आणि अख्खा मंडप एकदम उठला. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण सगळी गर्दी पुढच्या दाराशी, आणि विहिरीकडचं दार सताड उघडं असून तिथे चिटपाखरू नाही!

हेल्बिंग, फार्कास आणि विचेक या संशोधकांचं घाबरलेल्या गर्दीचं २००० सालचं मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल. त्याला दाराकडे ओढ, शेजाऱ्यापासून आणि भिंतीपासून रेटा, अंगाला अंग लागलं की घर्षण. वजन ८० किलो, स्प्रिंगचा स्थिरांक (अंग दाबलं गेलं की किती जोराने परत ढकलायचं तो आकडा) १.२ लाख, टाइम-स्टेप (किती वेळाने सगळ्यांच्या जागा नव्याने काढायच्या) ०.०५ सेकंद. माणसं ३००.

अडचणी दोन. दाराशी दाटी झाली की गोल लाह्यांसारखे उडतात, काही तर भिंतीपलीकडे. आणि माझी माणसं शहाण्यासारखी जवळचं दार धरतात, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. असं झालं असतं तर मी हा प्रोजेक्ट घेतलाच नसता. सर म्हणतात, ‘रँडमनेस टाक.’ मला ते पटत नाही.

प्रतिसाद १
पहिली अडचण स्टेपची. वस्तुमान भागिले स्थिरांक, त्याचं वर्गमूळ काढ : साधारण ०.०२६ सेकंद. स्टेप याच्या दुप्पटीपेक्षा लहान असली तरच गणित टिकतं. तुझी जवळपास दुप्पट, म्हणजे अगदी काठावर. त्यात चहूबाजूंनी रेटा आला की गणित फुटणारच. ०.००२ करून बघ. मग इच्छित वेग (माणसाला ज्या वेगाने पळायचंय तो) हळूहळू वाढव. साधारण दीड मीटर प्रतिसेकंदाच्या वर बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागायला हवा, कारण दाराशी खांद्याला खांदा अडकून कमान तयार होते. ते दिसलं नाही तर कोडमध्ये अजून घोळ आहे.

प्रतिसाद २
कॉम्प्युटरातला माका काय कळणा नाय. पण बाबा, माणसां चपला काढलेल्या दाराकडेच जातली. आणि आवस पोराक टाकून जायत काय?

प्रतिसाद १
काकूंनी नेमकं धरलं. जोनाथन साइम या संशोधकाने समरलँड या करमणूक केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीचा (आइल ऑफ मॅन) अभ्यास केला, त्यात हेच आढळलं : माणसं ओळखीच्या वाटेकडे आणि आपल्या माणसांकडे जातात. तेव्हा रँडमनेस नको. दार एकेका माणसाला न देता कुटुंबाला दे, आणि आत आले ते दार हेच पहिलं. कुटुंब जमेपर्यंत थांबेल, मग निघेल. समोरची रांग हलेनाशी झाली आणि दुसरं दार नजरेच्या टप्प्यात असलं, तरच दार बदलू दे.

मूळ प्रश्नकर्ता
स्टेप बदलली, उडणं बंद! कुटुंबंही टाकली. आता विहिरीकडून मोजून अकरा जण गेले, बाकी सगळे पुढून. काकू, तुमचे पाय धरायला हवेत. फक्त एक रन आता पाऊण तास चालतोय. प्रत्येकाचं प्रत्येकाशी अंतर मोजतोय म्हणून असावं. मंडपाचे चौकोन पाडून फक्त शेजारच्या चौकोनातली माणसं तपासायची, असं कुणी पायथनमध्ये केलंय का? सबमिशन सोमवारी आहे.