थायलंडची तळलेली केळी (क्लुआय खॅक) घरी कुरकुरीत का होत नाहीत?

मीनल_ठाणे:
गेल्या महिन्यात आम्ही पाच दिवस बँकॉकला होतो. नांग लोएंग बाजाराजवळ सिग्नलला गाडी थांबली की एप्रन घातलेल्या बायका कागदी पिशव्या घेऊन खिडकीशी येत. आत केळ्याच्या तळलेल्या लांब फाका, तीळ आणि खोबऱ्यासकट. हॉटेलवर पोचायला पाऊण तास लागला, तरी वरचं कवच कुरकुरीत होतं. घरी आल्यावर दोनदा करून पाहिलं. एकदा नुसत्या बेसनात, एकदा बेसनात तांदळाचं पीठ घालून. दोन्ही वेळा पाच मिनिटांत मऊ पडली आणि केळ्याचा आत लगदा झाला. केळी नेहमीच्या गाडीवरची, छान पिकलेली होती. कुठे चुकतंय? आणि त्या ‘खॅक’चा अर्थ काय?

रवाबेसन:
तेल कमी तापलं असेल. केरळी पळम पोरी मी मैद्यात करतो, नेंद्रन केळ्याची, छान होते.

वैशाली_बी:
मीनल, तेलाचं नंतर बघू. आधी बेसन बाजूला ठेव, कारण ही भजी नव्हेत.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी सात वर्षं बँकॉकला राहिले, त्याच भागात. नांग लोएंग बाजार १९०० सालचा, थायलंडचा राजा पाचवा राम (चुलालाँगकोर्न) याच्या काळातला. तिथे केळी तळणारी दुकानं शेजारी शेजारी आहेत आणि एप्रनच्या रंगावरून कुठली बाई कुठल्या दुकानाची ते कळतं. मी मात्र आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका म्हातारीकडून घ्यायचे. तिला सगळे ‘पा’ म्हणत. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची थोरली बहीण. मला थाई धड येत नव्हतं, म्हणून मी नुसती उभी राहून बघत असे. एकदा तिने पिठात पाणी ओतलं, ते एका बरणीतून. बरणीच्या तळाशी गुलाबी-लाल गाळ बसलेला, वर नितळ पाणी. मी खूण करून विचारलं, तर तिने विड्याचं पान दाखवलं. चुन्याची निवळी! माझी आजी कोहळ्याच्या वड्या करायची तेव्हा फोडी याच निवळीत भिजत घालायची. तो रंगही आपल्या ओळखीचा. तिकडे पानाच्या चुन्यात हळद घालतात आणि तो लाल होतो. आपल्याकडे हळद-चुन्याचं कुंकू होतं ते असंच. त्या फुटपाथवर मला आजीचं देवघर आठवलं आणि डोळे भरून आले. त्या ‘पा’ने न बोलता दोन फाका जास्त घातल्या.

तर खरी गोष्ट ही निवळी. चुन्यातल्या कॅल्शियममुळे केळ्यातलं पेक्टिन (फळाचा गर बांधून ठेवणारा घटक) घट्ट होतं, म्हणून फोड विरघळत नाही. शिवाय पीठ अल्कधर्मी झालं की रंग लवकर चढतो.

दुसरं, केळं. तिथे ‘नाम वा’ जातीचं वापरतात. आखूड, जाड, टोकेरी, आणि तेही पूर्ण पिकलेलं नाही. चिंच गाभुळते ना, तशा अवस्थेतलं. साल पिवळी व्हायला लागलेली, पण दाबलं तर कडक. आपली गाडीवरची जळगावची लांब केळी पिकली की तेलात टिकत नाहीत. तमिळनाडूची कर्पूरवल्ली नाम वाच्या गोतातली, ती मिळाली तर सोनं. नाहीतर अर्धकच्ची राजेळी घे. चव वेगळी येईल, पण मोडणार नाही.

प्रमाण, माझ्या हाताचं: तांदळाचं पीठ एक वाटी, कणीक दोन चमचे, ओलं खोबरं अर्धी वाटी, तीळ दोन चमचे, साखर दोन-तीन चमचे, मीठ अर्धा चमचा. निवळी आणि नारळाचं दूध निम्मं-निम्मं, फोडीला पातळ थर लागेल इतकंच. केळ्याच्या उभ्या तीन-चार फाका कर. तेल भरपूर, आच मध्यम, गडद सोनेरी होईपर्यंत धीर धर. तुझी भजीच्या रंगावर काढली असतील, हो ना? कवच वाळायला त्याहून वेळ लागतो.

खॅक म्हणजे पाहुणा, आणि भारतीय, मलाय, अरब अशा परक्या माणसांनाही तोच शब्द. पिठात बुडवून तळायची रीत या लोकांची, म्हणून नाव तसं, असं तिथली जुनी माणसं सांगतात. मला हे फार आवडतं.

साळुंकी:
वैशालीताई, चुना कुठला? घर रंगवायचा तर नाही ना?

वैशाली_बी:
अजिबात नाही! पानवाल्याकडचा खायचा चुना. लिटरभर पाण्यात एक चमचा ढवळायचा, रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी हलक्या हाताने काढून घ्यायचं. तळाचा चुना पिठात जाऊ द्यायचा नाही.

साळुंकी:
तिथे हिरव्या भाताचे पोहे लावून तळलेलं केळंही खाल्लं होतं. तेच का हे?

वैशाली_बी:
नाही, ते ‘खाओ माओ’. छोट्या केळ्याला कोवळ्या भाताचे कुटलेले पोहे, खोबरं आणि ताडगूळ थापून मग पिठात बुडवतात. तेही सुरेख, पण कष्टाचं काम.

मीनल_ठाणे:
वैशालीताई, आज केली! माटुंग्याला कर्पूरवल्ली नाही मिळाली, वसईची राजेळी घेतली. अर्ध्या तासानंतरही कुरकुरीत होती, सासूबाईंनी सहा खाल्ली. फक्त शेवटच्या घाण्याला तीळ जवळजवळ नव्हतेच.

वैशाली_बी:
तांदळाचं पीठ आणि तीळ खाली बसतात. दर घाण्याआधी पीठ तळापासून ढवळायचं. आणि सासूबाईंना सांग, पुढच्या वेळी रताळंही याच पिठात तळा.