मदत हवी आहे: बाबा पुन्हा एक्स-रे काढायला तयार नाहीत, काय सांगू?

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६८) न्यूमोनिया झाला होता. आता ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे परत काढायला सांगितलाय आणि बाबा अडून बसलेत. "एकदा काढला ना? ती किरणं अंगात साठत जातात." वर पुरावा असा, की "एवढं निर्धोक असतं तर बटण दाबणारा काचेमागे का पळतो?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरंच का जातो तो?

गंमत म्हणजे कंबर धरली की हेच बाबा म्हणतात, "सीटीच काढून टाकू, एकदाचं कळेल." एक्स-रे घातक आणि सीटी म्हणजे भारी तपासणी, हे गणित कुठून आलं देव जाणे.

शिवाय मागच्या वेळी त्यांनी तिथल्या मुलाला विचारलं, "काय निघालं?" तो म्हणाला, "रिपोर्ट आला की डॉक्टर सांगतील." झालं! काहीतरी लपवतायत, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय.

माणूस हिशेबी आहे, आकडा दिला की ऐकतो. कुणी नीट सांगेल का? घाबरवणाऱ्या लिंका नकोत, त्या त्यांच्याकडेच भरपूर आहेत.

प्रतिसाद: टेहळ्या

तो पळणारा म्हणजे मीच, याच विभागात नोकरी आहे माझी. बाबांचा एक्स-रे कधीतरी एखादा. आम्ही दिवसभर तेच काढतो. प्रत्येक वेळी खोलीत थांबलो तर रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण वर्षानुवर्षं घेत राहू, तेही फुकट. रुग्णाला निदान तरी मिळतं. आमच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावरून डोस मोजला जातो. आमची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे किरणांचा डोस मोजायचं एकक).

साठण्याचं म्हणाल, तर दिवा मालवल्यावर उजेड मागे राहत नाही, तसे बटण सोडल्यावर किरणही राहत नाहीत. ते जाताना पेशींना थोडा धक्का देऊ शकतात, म्हणून विनाकारण काढू नये हे खरंच. पण छातीच्या एक्स-रेचा डोस जेमतेम ०.१ मिलिसीव्हर्ट, बऱ्याचदा त्याहूनही कमी. जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिळतातच. म्हणजे फार तर पंधरा दिवसांचा नैसर्गिक डोस. कमरेच्या सीटीला मात्र ६ किंवा जास्तही लागतात, म्हणजे अशा साठ एक्स-रेंइतके! हा हिशेब बाबांना कागदावर मांडून दाखवा.

प्रतिसाद: शंकेखोर_मावशी

सहा आठवडेच का, हेही सांगा त्यांना. ताप उतरला तरी फुप्फुसावरची सावली मावळायला वेळ लागतो. ती गेली का, की तिच्याआड दुसरं काही, एखादी गाठ वगैरे, दडलं होतं, ते बघायचं असतं. लवकर काढला तर जुनीच सावली दिसून उगाच घोर लागेल.

आणि त्या पोरावर राग नको. तो टेक्निशियन, फिल्म वाचून रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट हे वेगळे, एमबीबीएसनंतर त्याच विषयात शिकलेले डॉक्टर. त्याने अंदाजपंचे काही सांगितलं असतं तर ते चूक ठरलं असतं.

धागाकर्ता

मावशी, टेहळ्या, आभार. हिशेब वाचून दाखवला. "मग सीटीचं राहू दे," एवढं तरी पदरात पडलं. एक्स-रेला "बघू" म्हणालेत, म्हणजे आमच्याकडे होकारच. जुनी फिल्म नेऊ का? गुंडाळून ठेवल्याने जरा वळलीय.

प्रतिसाद: टेहळ्या

वळलेली चालेल, चरे नकोत. सीडी दिली असेल तर तीही न्या. दोन्ही फिल्म शेजारी ठेवूनच रिपोर्ट लिहितात, त्यामुळे जुनी विसरू नका. आणि "श्वास धरा" म्हटल्यावर बाबांना बोलू देऊ नका, फोटो हलला तर पुन्हा काढावा लागेल.