सहावा नंबर

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

दादा: टोकियोची बायकांची १०० मीटर शर्यत बघितली का कुणी? मेलिसा जेफरसन-वूडन १०.६१ सेकंद! जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला नवा विक्रम. टीना क्लेटन १०.७६, ज्युलियन आल्फ्रेड १०.८४.

मोठे काका: पाहिली. पहिली आणि दुसरी यांच्यात इतकं अंतर १०० मीटरला क्वचितच पडतं. पण जमैकाच्या शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइसकडे बघवलं नाही. ११.०३, सहावी. अडतिसाव्या वर्षी कशाला यायचं? याच शर्यतीची दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि पाच जागतिक विजेतेपदं पदरात आहेत. मानाने थांबावं माणसाने.

काकू: मलाही वाईट वाटलं. जिंकलेली टीना तिच्याच देशाची, आणि शेली-अ‍ॅनने बीजिंग ऑलिंपिकला पहिलं सुवर्ण घेतलं तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती.

दादा: काकू, टीना दुसरी आली. जिंकली ती अमेरिकेची.

काकू: हो रे, चुकले.

आत्या: अण्णा, मला हे नाही पटत. गेल्या वर्षी पॅरिसला काय झालं आठवा. हीट म्हणजे पहिली फेरी पळाली आणि उपांत्य फेरीला तिची लेन रिकामी. तेव्हाच थांबली असती तर ऑलिंपिकमधल्या त्या रिकाम्या लेनवर तिची गोष्ट संपली असती. आज तिच्या नावापुढे ११.०३ लिहिलंय. ती अंतिम फेरीत आली, सुरुवातीला पाय रोवतात त्या ब्लॉकमध्ये बसली, पूर्ण शंभर मीटर पळाली. मान म्हणतात तो हाच, असं मला वाटतं.

चिनू: आत्या, ११.०३ म्हणजे हळू का?

आत्या: नाही गं बाळा! बायकांची १०० मीटर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली १९२८ साली, अ‍ॅमस्टरडॅमला. बेटी रॉबिन्सनने जिंकली, वेळ १२.२. आपल्या द्युती चंदची सर्वोत्तम वेळ ११.१७ आहे. आज शेली-अ‍ॅन त्याहून वेगाने पळाली आणि तरी सहावी आली. एवढी कठीण झालीये ही शर्यत.

मोठे काका: ते मान्य. पण आपण तिला जिंकताना पाहिलंय. २००८ मध्ये तर जमैकात लोक म्हणत होते की हिला काढा आणि वेरोनिका कॅम्बेल-ब्राउनला घ्या. वेरोनिका निवड चाचणीत चौथी आली होती ना, आणि जागा तीनच. ही एकवीस वर्षांची पोर गेली आणि १०.७८ मध्ये सुवर्ण घेऊन आली. मागे शेरोन सिम्प्सन आणि केरन स्टुअर्ट, दोघींची वेळ १०.९८. फोटो फिनिशमध्येही फरक सापडेना, म्हणून दोघींना रौप्य दिलं आणि कांस्य कुणालाच नाही. अशी आठवण मनात असताना आजचं कशाला बघू?

आत्या: अण्णा, तुम्हाला तर तिचं सगळं पाठ आहे!

मोठे काका: असणारच. म्हणून तर त्रास होतो.

चिनू: ती इतकी बुटकी आहे, मग पुढे कशी जाते?

आत्या: छान विचारलंस. उंची जेमतेम पाच फूट. उंच धावपटूचं एकेक पाऊल लांब पडतं, म्हणून हिला पावलं जास्त टाकावी लागतात आणि ती भराभर टाकावी लागतात. तिची खरी ताकद सुरुवातीत. ब्लॉकमधून उठली की पहिल्या तीस मीटरांत बाकीच्यांना तिची पाठ दिसायची. आणि एक लक्षात ठेव. साठेक मीटरनंतर कुणाचाच वेग वाढत नाही, सगळ्याच मंदावतात. शेवटी कुणीतरी मागून मुसंडी मारून आली असं आपल्याला दिसतं. खरं तर ती बाकीच्यांपेक्षा कमी मंदावलेली असते. वय झालं की आधी इथेच मार बसतो. आज बहुतेक तेच झालं.

ताई: मी उशिरा वाचतेय, बाळ आत्ता झोपलं. मला तिचं दोहा आठवतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, तोही तातडीच्या सिझेरियनने, आणि २०१९ ला १०.७१ मध्ये जागतिक सुवर्ण. झायनला घेऊन मैदानाला फेरी मारली होती. तेव्हा मी नुसती कौतुकाने बघत होते. आता माझे टाके पडून चार महिने झालेत, अजून पटकन उठून बसता येत नाही. ब्लॉकमधून उठताना सगळा जोर पोटातून आणि कमरेतून येतो. तिने ते कसं केलं असेल, हा विचार रोज येतो मनात.

काकू: घाई करू नकोस हं तू. त्याच स्पर्धेत अमेरिकेची अ‍ॅलिसन फेलिक्स पण होती ना? तिचंही सिझेरियन झालेलं.

दादा: हो, त्या स्पर्धेच्या दहा महिने आधीच. मिश्र रिलेचं सुवर्ण घेतलं तिने.

आत्या: अण्णा, 'थांबावं' हे बायकांना फार लवकर सांगतात, म्हणून मी भांडतेय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी फॅनी ब्लँकर्स-कूनला काय कमी ऐकवलं? तीस वर्षांची, दोन मुलांची आई, घरी बसावं असं म्हणत होते. तिने चार सुवर्णं जिंकली. मर्लिन ऑटी सिडनीला चाळिशीत १०० मीटरच्या अंतिम फेरीत पळाली, चौथी आली. पुढे उत्तेजकं घेतल्याबद्दल मॅरियन जोन्सचं सुवर्ण काढून घेतलं आणि ऑटीला कांस्य मिळालं, तेही नऊ वर्षांनी. चाळिशी झाली म्हणून ती घरी बसली असती तर?

मी स्वतः कॉलेजात १०० मीटर पळायचे, हे इथे निम्म्यांना माहीत नसेल. लग्नानंतर सोडलं. कुणी जबरदस्ती केली नाही. 'आता कशाला' असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले. माझी शेवटची शर्यत कुठली होती हे मला आठवत नाही, कारण पळताना ती शेवटची आहे हे ठाऊकच नव्हतं. शेली-अ‍ॅनला मात्र आज ठाऊक होतं, ही आपली शेवटची १०० मीटर.

मोठे काका: हे तू कधी बोलली नव्हतीस.

काकू: आणि आपल्या पी. टी. उषाचं काय हो? १९८४ च्या ऑलिंपिकला ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२, कांस्यवालीची वेळ ५५.४१. चौथी आली म्हणून आपण तिला विसरलो का?

मोठे काका: नाही विसरलो. बरं, रिले बघू पुढच्या रविवारी.

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

दादा: ४ × १०० अंतिम! धो धो पाऊस पडतोय टोकियोत. पहिल्या टप्प्याला अमेरिकेकडून जेफरसन-वूडन आणि जमैकाकडून शेली-अ‍ॅन. म्हणजे गेल्या रविवारची पहिली आणि सहावी एकाच वेळी सुटणार!

ताई: बाळाला मांडीवर घेऊन बघतेय.

दादा: अमेरिका ४१.७५, जमैका ४१.७९, जर्मनी ४१.८७. रौप्य!!

काकू: फक्त चार शतांश सेकंद गं!

आत्या: रडतेय मी.

मोठे काका: पहिला टप्पा तीनदा मागे नेऊन पाहिला. ब्लॉकमधून उठते ती अजूनही तशीच उठते. बॅटन दिला तो टिया क्लेटनला, आणि टियाने पुढे आपल्या जुळ्या बहिणीला, टीनाला. माझं चुकलं, असं म्हणणार नाही, मला ती जिंकतानाच आवडते. पण आली ते बरं केलं.

चिनू: आत्या, आमच्या शाळेच्या रिलेत मी पहिली पळणार आहे. बॅटन कुठल्या हातात धरू?

आत्या: उजव्या. म्हणजे वळणावर लेनच्या आतल्या कडेने पळता येतं आणि दुसरीच्या डाव्या हातात देता येतो. दुसरीला म्हणावं, हात मागे स्थिर धर, हलवू नकोस. आणि तू बॅटन देताना वेग कमी करायचा नाही. उद्या संध्याकाळी ये, दाखवते.

चिनू: तू पण पळशील?

आत्या: बूट शोधायला लागतील.